आंदणाची कपार

धनीबाईला राग यायला वेळ लागत नसे, आणि आलेला राग जायचं नाव घेत नसे. बोरी गावातल्या बायका म्हणायच्या, धनीबाई रुसली की तिच्या घरची मांजरसुद्धा शेजारी जेवून येते. पण सख्ख्या भावावरचा राग तिनं जसा जपला, तसे गळ्यातले मणीसुद्धा जपले नसतील. सहा वर्षं ती माहेरी गेली नव्हती. आठवडी बाजारात भाऊ श्रावण समोरून आला, तर ती वांग्यांच्या ढिगाकडे अशी टक लावून बघायची, की वांगेवालाच बिचारा आपल्या मालात काय खोट आहे म्हणून वाकून बघायचा.

वाद पोरीवरून झाला होता. श्रावणला एकच मुलगी, गंगी. ती बारशाच्या पाळण्यात होती तेव्हाच धनीबाईनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं होतं, ही माझ्या गजूची बायको. भावाची लेक बहिणीच्या घरी सून म्हणून जाते, ही भोयांमधली जुनी रीत. त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. गंगी लहानपणी वर्षातले चार महिने आत्याकडेच असायची, आत्याच्या हातानं न्हायची, आत्याच्या कुशीत झोपायची. पण ती लग्नाची झाली तेव्हा श्रावणनं वणीचा मुलगा पाहिला, कोळशाच्या खाणीवर ट्रक चालवणारा. “नदीत काय राह्यलं आता, बाई?” एवढंच तो म्हणाला होता. गजू नदीवर जाळं टाकून पोट भरत होता, त्यामुळे हे वाक्य धनीबाईच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं. ती लग्नालाही गेली नाही. गंमत म्हणजे ज्याच्यापायी हा सगळा तमाशा, तो गजू दोन वर्षांत दुसरी मुलगी बघून सुखानं संसाराला लागला होता आणि मामा भेटला की त्याच्याबरोबर चहा पिऊन येत होता. धनीबाईला ते ठाऊक होतं. तिनं त्या बाबतीत आपले कान बंद ठेवले होते.

या रागाला खतपाणी घालणारी आणखी एक गोष्ट होती, ती म्हणजे कपार.

धनीबाईचं माहेर खडकडोह, पैनगंगेच्या काठावर. तिथं नदीच्या पात्रात काळे खडक आहेत आणि खडकांच्या कपारींत मोठी वाम राहते. पाठीवर काटे असलेली, जाळ्यात येणारी बारकी वाम वेगळी. ही कपारीतली वाम म्हणजे सापासारखी लांब, बिनकाट्याच्या पाठीची, दिवसभर बिळात बसणारी. एका कपारीत एकच असते. ती काढली, की वर्षभरात दुसरी एखादी करंगळीएवढी येऊन जागा धरते आणि तिथंच जाड होत जाते. तिला जाळं चालत नाही, हातच घालावा लागतो. धनीबाईचा बाप बळीराम याचा हात जाड होता, म्हणून तो लहानग्या धनीला पाण्यात उतरवायचा आणि काठावरून शिकवायचा, “वामेले धरू नोको. आधी तिच्यावर हात फिरव. तिले वाटलं पायजे का पाणीच हाललं.” धनीचं लग्न झालं तेव्हा बापानं दोन लुगडी दिली, पाण्याचा एक पितळी गुंड दिला आणि डोहाच्या पूर्वेकडची मोठी कपार आंदण दिली. एकदा कपार आंदण दिली, की तिच्यात हात त्या लेकीचाच. माहेरच्या माणसाला वाम हवी असेल तर त्यानं तिला विचारायचं. याला कागद नाही, पंच नाही.

आणि कागद नाही म्हणूनच धनीबाईला पक्की खात्री होती, की श्रावण आपली कपार दरवर्षी गुपचूप रिकामी करतो आहे. पोरगी द्यायला माघार घेणारा माणूस वामेवर कशाला पाणी सोडेल? बोरीत कोणाच्याही घरी माशाचा वास आला, की तिला खडकडोहातली आपली वाम आठवायची आणि जेवण कडू व्हायचं.

कापसाचं ते वर्ष वाईट होतं. अशी तीन-चार वर्षं लागोपाठच आली होती. अळीनं निम्मी बोंडं पोखरलेली, उरलेली आखडलेली. वेचायला हात घातला तर टोकं बोटांना ओरबाडायची आणि ओटीत मूठभर कापूस पडायचा. कोणत्या घरात कोणी औषध प्यालं, ते विचारत पेपरवाले गाड्या घेऊन गावोगाव फिरत होते. अनोळखी गाडी गावात शिरली, की माणसं आधी आपापल्या घरात कोण कुठं आहे ते बघून घ्यायची. फवाऱ्याचे पंप नदीत धुतले जायचे, त्यामुळे नदीचंही काही खरं नव्हतं. जाळ्यात जिवंतपेक्षा मेलेले मासे जास्त यायचे, म्हणून भोयांच्या बायकाही कापूस वेचायला जाऊ लागल्या होत्या.

अशाच एका दुपारी धनीबाई वेचणीला वाकली होती, तेव्हा शेताच्या धुऱ्यावरून श्रावणची बायको तानाबाई येताना दिसली. चपला हातात, पाय मातीनं भरलेले. ती समोर येऊन उभी राहिली तरी धनीबाईनं मान वर केली नाही.

“बाई,” तानाबाई म्हणाली, “गंगी बाळंत झाली. पोट्टी झाली. आज अकरावा दिस हाये.”

धनीबाईचा हात बोंडावर थांबला. गंगीचं दोनदा पोट राहून गेलं होतं, हे तिला ऐकून माहीत होतं. त्या दोन्ही वेळी तिनं चूल पेटवली नव्हती आणि गजूला डोकं दुखतं म्हणून सांगितलं होतं.

“बरं झालं,” ती झाडाकडे बघत म्हणाली.

“बरं कायचं, बाई? दूधच नाई उतरून राह्यलं तिले. पोट्टी पुऱ्या दिसाची नाई. शेळीचं दूध कापसाच्या बोयानं चोखवून राह्यलो, थे बी अर्धं ओकते. डॉक्टरनं गोया देल्ल्या. म्हणते, माय खाईन तवा लेकराले भेटन. अन् गंगी त भिंतीकडे तोंड करून पडली हाये. खात नाई, बोलत नाई, रडतबी नाई.”

“मंग मी काय करू?”

तानाबाईनं खाली बघितलं. “तुमच्या भावानं इचाराले पाठवलं. तुमच्या कपारीत हात घालू का म्हणून.”

बाळंतिणीला दूध उतरत नसेल तर मोठ्या वामेचा रस्सा द्यायचा, हे भोयांच्या घरात पोरींना बाराखडीच्या आधी कळतं. पण धनीबाईला त्यातलं एकच ऐकू आलं. तिनं ओटीतला कापूस झटकला आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“आता इचारते? सहा सालं न इचारता माही वाम गियली तवा तोंड नोतं त्याले?”

तानाबाईनं तोंड उघडलं आणि मिटलं. नणंदेपुढं बोललेलं कधी फळाला आलं नव्हतं, हा तिचा तीस वर्षांचा अनुभव होता.

“सांग तुह्या नवऱ्याले,” धनीबाई म्हणाली, “कपार माही हाये त हातबी माहाच जाईन. सकाऊन येतो मी. पन तुमच्या उंबऱ्यात पाय नाई ठेवणार. वाम काढून देतो अन् डोहावरूनच वापस येतो.”

दुसऱ्या दिवशी ती सकाळच्या पहिल्या एसटीनं निघाली, फाट्यावर उतरली आणि गावात न शिरता शेताशेतानं सरळ डोहावर गेली. नदी खाली गेली होती, पाणी नितळ होतं. तानाबाई गोणपाट आणि घमेलं घेऊन खडकावर बसली होती. पलीकडच्या खडकावर श्रावण बसला होता, बहिणीकडे पाठ करून. त्याचे केस पार पांढरे झाले होते आणि सदऱ्यातून खांद्यांची हाडं दिसत होती. धनीबाई क्षणभर बघत राहिली. सहा वर्षं वांगी बघण्याच्या नादात तिनं हे पाहिलंच नव्हतं.

“इचार त्याले, पाणी किती हाये,” ती तानाबाईला म्हणाली.

“पाणी किती हाये?” तानाबाईनं चार हातांवरच्या नवऱ्याला विचारलं.

“कमरेइतकं,” श्रावणनं नदीला सांगितलं.

“कमरेइतकं म्हणते, बाई.”

“आयकू आलं मले.”

धनीबाईनं लुगडं खोचलं आणि पाण्यात उतरली. थंडीनं तिचे दात वाजले. तिला आता पंचावन्न वर्षं झाली होती. शेवटची या पाण्यात उतरली ती गंगीच्या लग्नाच्या आदल्या साली. तेव्हा तिनंच या कपारीतली वाम काढली होती आणि बोरीला नेली होती. कपारीच्या तोंडाशी शेवाळ माजलं होतं, जाड आणि अखंड. ते बघून कोणाच्याही मनात आलं असतं, की इथं बऱ्याच दिवसांत कोणाचा हात लागलेला नाही. धनीबाईच्याही मनात आलं. पण तिनं ते तिथंच दाबलं. शेवाळाला काय, चार महिन्यांत येतं.

तिनं गांडुळाचा चुरा बोटांना चोळला आणि हात आत सरकवला. मनगट गेलं, कोपर गेलं. काहीच नाही. ती आणखी वाकली, खांदा कपारीला टेकला, गाल खडकावर आला आणि एक कान पाण्यात बुडाला. मनातल्या मनात ती भावाला शिव्या देत होती. रिकामी केली मेल्यानं, पार रिकामी केली. आता माझ्या गंगीला काय देऊ?

आणि मग बोटांना काहीतरी मऊ लागलं.

बोटं आपोआप संथ झाली. हात शिकलेला होता, त्याला सांगावं लागलं नाही. पोटाखालून हळूहळू, पाणीच हलल्यासारखं. अंगठ्याएवढी असेल अशा बेतानं तिनं पंजा वळवला, पण बोटं भेटेनात. तिनं हात थोडा पुढं नेला, तिथं ती आणखी जाड होती. मागं नेला, तरी संपेना. पायाच्या पोटरीएवढी जाड वाम त्या अंधारात पडून होती आणि तिचा श्वास धनीबाईच्या तळहाताला लागत होता.

तानाबाई वरून विचारत होती, “हाये का, बाई? हाये का काही?” धनीबाई हिशेब करत होती आणि हिशेब सोपा होता. शेवटची वाम तिनं स्वतः काढली होती. त्यानंतर जी येऊन बसली, ती पहिल्या साली करंगळीएवढी. दुसऱ्या साली अंगठ्याएवढी. पोटरीएवढी व्हायला तिला कोणी एकदाही हात लावला नसेल तरच वेळ पुरणार. श्रावणनं नाही. तानानं नाही. नदीत मेलेले मासे वाहत होते त्या साली नाही, आणि जाळं विकून तो वीटभट्टीवर गेला असं ऐकलं होतं त्या सालीही नाही. घरापासून दोनशे पावलांवर एवढं अन्न पडलं होतं आणि तिचा भाऊ त्याच्यावरून रोज जात-येत होता.

धनीबाईला रडू आलं. आईच्या माघारी तिनंच वाढवलेलं ते लेकरू, आणि त्याच्याबद्दल आपण सहा वर्षं काय काय मनात आणलं, याची तिला शरम वाटली. अशी शरम, की हात कपारीत आहे तो बाहेर काढूच नये असं तिला वाटलं. तोंड आधीच ओलं होतं, म्हणून कोणाला काही कळलं नाही.

पण वाम काही रडू संपायची वाट बघणार नव्हती. कपारीला वरच्या अंगाला दुसरं तोंड होतं, मूठभर रुंदीची फट. तिथं गोणपाट घेऊन तानाबाईला बसवायचं, असं धनीबाईनं ठरवलं होतं. एवढ्या वामेपुढं तानाबाईचा निभाव लागणार नव्हता. वाम वरून निसटली असती, तर मग गंगीला वाटीभर रस्साही मिळाला नसता.

तिनं खडकावरून गाल उचलला.

“श्रावण!”

पलीकडच्या खडकावरची पाठ हलली नाही. ऐकू आलं ते खरं की खोटं, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

“अरे श्रावण, आयकू येते का? वरच्या फटीवर ये लवकर! तानाच्यानं नाई होत हे!”

मग मात्र तो उठला, आणि असा धावला की शेवाळावर घसरून गुडघा फोडून घेतला. गुडघ्याकडे न बघताच तो फटीवर पालथा पडला. त्याला काय करायचं ते सांगावं लागलं नाही. खडकाशी वाढलेल्या पळसाची ओली डहाळी मोडून त्यानं ती फटीतून हळूच खाली सारली. पान अंगाला लागलं तशी वाम मागं सरकली, बहिणीच्या हाताकडे. धनीबाईनं मधलं बोट तिच्या पाठीवर टाकलं, दोन बोटं पोटाखाली घातली आणि आवळलं. वामेनं तिच्या दंडाला दोन वेढे घातले. धनीबाई वामेसकट मागं पाण्यात पडली, श्रावणनं वरून उडी टाकली आणि गोणपाटात त्यानं वाम धरली की बहीण धरली, ते थोडा वेळ त्यालाही कळलं नाही.

वाम घमेल्यात घातली, वर ओलं गोणपाट टाकलं. दोघं भाऊ-बहीण खडकावर बसून धापा टाकत राहिली.

“तू हात नाई घातला,” धनीबाई म्हणाली.

“नाई.”

“येकबी साल?”

“कपार तुही. मी कसा घालू?”

“मागच्या साली ताना कावियीनं खाटेवर होती म्हणे. तवा?”

“तवाबी नाई.”

“मंग इचाराचं नाई का रे, बापा?”

“बोलत कुठी होती तू?”

तो रागानं बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं. रागाला राग देणं तिला जमत होतं. पण तो नुसतं सांगत होता. तिनं पदराचा पिळा काढला आणि त्याचं डोकं पुसू लागली, तो चार वर्षांचा असताना पुसायची तसं, खसाखसा.

“चुकलं माहं,” ती म्हणाली.

“बाईले हे काल काहून नाई सांगतलं तुनं?” श्रावणनं पदराखालून मान बाहेर काढून बायकोला विचारलं.

“मले कोणी बोलू देते का?” तानाबाई म्हणाली, आणि घमेल्याची एक बाजू धरून चालू लागली.

घमेलं जड होतं, त्यामुळे नवरा-बायको मागं राहिली आणि धनीबाई पुढं गेली. उंबरा कधी ओलांडला, ते तिच्या लक्षातही आलं नाही.

गंगी आतल्या खोलीत खाटेवर पडली होती, तोंड भिंतीकडे. बाजूला झोळीत लेकरू, पाखराएवढं. पावलांचा आवाज आला तरी ती वळली नाही.

“गंगे,” धनीबाई म्हणाली.

गंगीची पाठ ताठ झाली. पण ती बोलली ती भिंतीशीच. “लग्नाची हयद भिजवून ठेवली होती, आत्या. मी म्हटलं, आत्या येईन तवाच लावा. दुपार झाली. मंग शेजारच्या काकूनं लावली.”

सहा वर्षांत एवढी मोठी शिक्षा धनीबाईला कोणी दिली नव्हती. ती तशीच ओल्या लुगड्यानं खाटेवर बसली आणि गंगीचं डोकं तिनं पोटाशी घेतलं. “मी आली नाई, पोरी. माह्या रागानं मलेच खाल्लं. तू मले मार, बोल, काहीबी कर. पन तोंड फिरवू नोको.”

आणि गंगी रडली. बारा दिवसांत पहिल्यांदा, मोठ्यानं, लहानपणी आत्याच्या घरून परत जाताना रडायची तशी. तिच्या आवाजानं झोळीतली पोर जागी झाली आणि तिनंही किरटा सूर लावला. गंगीनं एकदम छातीला हात लावला. तिचं पोलकं ओलं झालं होतं. आत्याच्या लुगड्याचं पाणी लागलं असेल असं वाटलं. पण ओल वाढतच होती, दोन्हीकडून. धनीबाईनं बोट लावलं आणि ते जिभेवर ठेवलं.

“आण,” ती हळूच म्हणाली. “ताना, पोट्टीले आण लवकर.”

तानाबाई घमेलं दारातच ठेवून आत आली होती. तिनं लेकरू दिलं. ते आधी नुसतं चाचपडलं, मग त्याला सापडलं, आणि त्या खोलीत चुटुचुटु आवाज येऊ लागला. तिघी बायका तो ऐकत राहिल्या. बाहेर श्रावण अजून वामेला राख चोळत होता आणि वामेचं शेपूट घमेल्यावर आपटत होतं.

दुपारी रस्सा झाला. गंगीनं दोन वाट्या खाल्ल्या, तिसरी मागितली. संध्याकाळपर्यंत गल्लीत बातमी गेली आणि बायका बाळंतिणीला बघायला आल्या. श्रावण ओसरीवर ताट घेऊन बसला होता आणि येईल त्या बाईला सांगत होता. त्याचा चेहरा इतका उजळला होता, की धनीबाईला त्याच्याकडे बघवेना.

“बाईच्या कपारीतली वाम हाये ना. माह्या बाईनं काढली. खाल्ली अन् दूध उतरलं! म्हटलं नोतं मी?”

आतून तानाबाईनं नणंदेकडे बघितलं. गंगीनंही बघितलं. दूध आलं तेव्हा वाम जिवंत होती, हे त्या तिघींनाच माहीत होतं; आणि चुकीचं बोललेलं वाक्य धनीबाईनं जन्मात कधी तसंच जाऊ दिलेलं नव्हतं, हेही त्यांना माहीत होतं. पण सहा वर्षं पोटाला चिमटा घेऊन ज्यानं ती वाम राखली होती, त्याला हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

धनीबाई भांडं घेऊन ओसरीवर आली.

“खरं हाये,” ती म्हणाली, “वामेचाच गुण हाये तो,” आणि भावाच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.